एका आरएनएवर कर्करोगाचा आरोप ठेवण्याआधी

मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगावरचे गेल्या दहा-बारा वर्षांतले शोधनिबंध चाळायला घेतले, की एकच साचा पुन्हा पुन्हा समोर येतो. अमुक एक लाँग नॉनकोडिंग आरएनए (डीएनएवरून उतरवलेली, पण प्रथिन न बनवणारी लांब प्रत) गाठीतल्या पेशींमध्ये जास्त आढळला. तो दाबल्यावर पेशींची वाढ मंदावली. तो तमक्या मायक्रोआरएनएला (इतर जनुकांचे काम दाबणाऱ्या छोट्याशा आरएनएला) अडकवून ठेवतो, त्यामुळे अमक्या प्रथिनाचे प्रमाण वाढते आणि म्हणून तो उपचारासाठी आश्वासक लक्ष्य ठरू शकतो. आरएनएचे नाव बदलते. आकृत्यांचा क्रम, वाक्यरचना आणि शेवटचा आशावाद तसाच राहतो. असे निबंध हजारोंनी आहेत. आणि या कर्करोगाच्या रुग्णाला देता येईल असे, अशा आरएनएला लक्ष्य करणारे एकही मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

हे आरएनए बिनकामाचे आहेत, असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्यातल्या काहींचा या कर्करोगाच्या वाढीत हात असावा, असे मानायला चांगली कारणे आहेत. माझा आक्षेप पुराव्याबद्दल आहे. एखाद्या आरएनएला कर्करोगाचे कारण ठरवण्यासाठी आपण आज जेवढ्यावर समाधान मानतो, तेवढे पुरेसे नाही. ही कसोटी कडक व्हायला हवी, आणि ती कशी व्हावी हे फक्त प्रयोगशाळांवर सोडून चालणार नाही. संशोधनाला लागणारा पैसा बहुतांशी लोकांच्या करांतून येतो. गाठीचे नमुने येतात ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी संमतीपत्रावर सही करणाऱ्या रुग्णांकडून. २०२२ मध्ये जगात या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुप्फुसांच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो. त्या सहीच्या बदल्यात काय केले जाते, हे विचारण्याचा हक्क या सगळ्यांना आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या आहेत. प्रथिने कशी बनवायची ही माहिती त्यांतल्या एक-दोन टक्क्यांतच मावते. उरलेल्या भागातूनही पेशी आरएनएच्या प्रती काढत असते. त्यांपैकी २०० न्यूक्लिओटाइडांपेक्षा लांब असलेल्या आणि प्रथिनाचा साचा नसलेल्या आरएनएंना लाँग नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. संशोधकांच्या बोलण्यात ते 'लिंक-आरएनए' असतात, आणि पुढे मीही तेच नाव वापरणार आहे. काहींचे काम वादातीत आहे. १९९१ मध्ये उजेडात आलेला एक्सिस्ट हा आरएनए स्त्रीच्या प्रत्येक पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकाला वेढून जवळजवळ पूर्ण गप्प करतो. एक आरएनए अख्खे गुणसूत्र बंद पाडू शकत असेल, तर दुसरा एखादा पेशीला बेबंद वाढीकडे ढकलू शकेल, ही कल्पना अजिबात ओढूनताणून आणलेली नाही.

या कर्करोगाच्या बाबतीत तिला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो आठव्या गुणसूत्रावरच्या ८क्यू२४ नावाच्या पट्ट्यात. २००७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी हजारो रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या जीनोमची तुलना केली, तेव्हा या पट्ट्यातल्या एकाच अक्षराकडे बोट गेले. काही जणांत तिथे 'जी' असतो, काहींत 'टी'. 'जी'च्या प्रत्येक प्रतीमागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण एक-पंचमांशाने वाढतो. एका माणसाच्या दृष्टीने ही वाढ लहान आहे, पण 'जी' प्रकार इतका सर्रास आढळतो की लोकसंख्येच्या पातळीवर ती मोजावीच लागते. अडचण अशी की त्या जागी प्रथिन बनवणारे जनुकच नाही. कर्करोगाशी नाते असलेले मिक हे जनुक तिथून सुमारे ३,३५,००० अक्षरे लांब आहे.

पुढच्या काही वर्षांत हे कोडे थोडे थोडे उलगडत गेले. २००९ मध्ये दिसले, की तो तुकडा मिकसाठी दूरवरून चालणाऱ्या बटणासारखा आहे: डीएनएचा धागा वळसा घेतो आणि तो तुकडा मिकच्या शेजारी येऊन बसतो. टीसीएफ७एल२ हे प्रथिन त्यावर बसते आणि 'जी' असेल तर अधिक घट्ट बसते. हे प्रथिन पेशींना वाढीचा आदेश पोहोचवणाऱ्या विंट संदेशमार्गातले आहे, आणि मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य गाठींमध्ये एपीसी जनुक बिघडून हाच मार्ग अगदी सुरुवातीपासून सतत चालू राहतो. म्हणजे धागा जुळत होता. २०१२ मध्ये उंदरांमधला हा तुकडाच काढून टाकला गेला. उंदीर धडधाकट राहिले, आणि एपीसीतल्या दोषामुळे ज्यांच्या आतड्यात गाठी व्हायच्या, त्यांच्यात त्या बऱ्याच कमी झाल्या. एवढा स्वच्छ निकाल या क्षेत्रात क्वचित पाहायला मिळतो.

लिंक-आरएनए या कथेत येतो तो २०१३ मध्ये. टेक्सासमधल्या संशोधकांनी दाखवले, की याच तुकड्यावरून सीसीएटी-२ नावाचा आरएनए लिहिला जातो, ठरावीक प्रकारच्या गाठींमध्ये तो वाढलेला असतो, आणि पेशींमध्ये तो वाढवला की मिक वाढते, पेशी अधिक पसरतात, गुणसूत्रांची मोडतोड वाढते. पुढच्या वर्षी शांघायमधल्या गटाने मिकपासून सुमारे ५,१५,००० अक्षरांवर असलेला सीसीएटी-१-एल हा दुसरा आरएनए समोर आणला. तो कमी केल्यावर मिक आणि त्याची दूरची बटणे यांच्यातले वळसे सैल पडत होते.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. बटण डीएनएचे आहे, आणि त्याच डीएनएवरून आरएनएही निघतो. मग काम कोण करते? डीएनएचा तुकडा, आरएनए, की आरएनए लिहिला जाण्याची क्रिया? उंदरांचा तो सुंदर प्रयोग याचे उत्तर देत नाही, कारण त्यात डीएनएच काढला होता. आरएनए असता तरी तोही आपसूक गेला असता. २०१८ मध्ये सीसीएटी-२ उंदरांच्या जीनोममध्ये घातल्यावर त्यांच्यात रक्तपेशींचे घातक आजार दिसले. म्हणजे हा आरएनए मूळ जागेपासून तुटूनही काहीतरी करतो, याला दुजोरा मिळतो. पण तो आजार रक्ताचा होता. माणसाच्या आतड्यात, मूळ जागी, या आरएनएचा स्वतंत्र वाटा किती, हे एवढ्यावरून कळत नाही.

हा फरक फक्त पंडितांच्या वादापुरता नाही. आरएनए दोषी असेल तर त्याला गाठून नष्ट करणारे औषध बनवता येईल. दोषी डीएनएचा तुकडा असेल आणि आरएनए त्याच्या कामाची नुसती खूण असेल, तर आरएनए नष्ट करून गाठीला ढिम्मही फरक पडणार नाही. त्या औषधावर काही वर्षे आणि बराच पैसा जाईल, आणि चाचणीत नाव नोंदवलेल्या रुग्णांचा तेवढा वेळ जाईल. त्या टप्प्यावरच्या रुग्णाकडे वेळच सर्वांत कमी असतो.

असे घडू शकते याचे उदाहरण त्याच पट्ट्यात, मिकच्या शेजारीच आहे. पीव्हीटी-१ हा लिंक-आरएनए अनेक कर्करोगांत मिकबरोबरच वाढलेला दिसतो आणि त्याला कर्करोगाचा साथीदार मानण्याचा प्रघात पडला होता. २०१८ मध्ये असे समोर आले, की पीव्हीटी-१ जिथून लिहायला सुरुवात होते, तो डीएनएचा भाग उलट मिकला आवर घालतो. जवळची बटणे तो स्वतःकडे ओढून धरतो. तो गप्प केला की ती मिककडे वळतात आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी जोमाने वाढतात. आणि हा परिणाम पीव्हीटी-१ आरएनएवर अवलंबून नव्हता. एकाच जागेवरचा आरएनए आणि डीएनए परस्परविरुद्ध दिशांनी ओढू शकतात, हे ज्याने एकदा समजून घेतले, त्याला 'आरएनए दाबला आणि वाढ थांबली' एवढ्या वाक्यावर विसंबणे जड जाईल.

मॅलॅट-१ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २००३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रसाराशी जोडून त्याचे नावच पडले. पेशींमध्ये तो भरपूर असतो, उत्क्रांतीत टिकून आहे, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षाही मोठ्या होत्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही तो वाढ आणि प्रसार घडवतो, असे सांगणाऱ्या निबंधांची रांग लागली. २०१२ मध्ये तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे मॅलॅट-१ नसलेले उंदीर तयार केले, आणि ते व्यवस्थित जगले. पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या एकाच प्रकारच्या उंदरांवर दोन गटांनी काम केले. २०१६ मध्ये एकाला आढळले की मॅलॅट-१ कमी केल्यावर प्रसार घटतो. २०१८ मध्ये दुसऱ्याला आढळले की मॅलॅट-१ निकामी केल्यावर प्रसार वाढतो, आणि तो परत दिला की आटोक्यात येतो. दुसऱ्या गटाने डीएनएचा मोठा तुकडा न काढता आरएनए बंद पाडला होता, आणि परत देऊन पाहण्याचा प्रयोगही केला होता. त्यामुळे माझा कल त्यांच्या बाजूला आहे. पण कोणाचे बरोबर यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे, की एवढ्या अभ्यासलेल्या आरएनएची दिशादेखील पंधरा वर्षांनंतर ठरलेली नव्हती. मग काही आठवड्यांच्या कामावर ज्यांना 'कर्करोगकारक' हे विशेषण चिकटवले गेले, त्यांचे काय?

ते काम प्रत्यक्ष कसे होते, हेही पाहिले पाहिजे. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत एचसीटी-११६ किंवा एसडब्ल्यू-४८० या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतात. अर्ध्या खळग्यांत लक्ष्य आरएनएला कापणारा छोटा आरएनए सोडतात, उरलेल्यांत कशालाच न कापणारा. दोन-तीन दिवसांनी त्यांत पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे करतात. रंग कमी दिसला की वाढ कमी झाली, असे धरतात. पण रंग कमी व्हायला कारणे अनेक असतात. तो छोटा आरएनए दुसऱ्याच एखाद्या जनुकालाही कापत असेल. पेशींत आरएनए घुसवणारे रसायनच त्यांना मानवले नसेल. पेशी आपण समजतो त्या नसतीलही: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दोन वेगळ्या पेशी म्हणून बराच काळ वापरात असलेल्या एचटी-२९ आणि विडर या एकाच रुग्णाच्या निघाल्या. दोन 'वेगवेगळ्या' पेशींमध्ये तोच निकाल मिळाला, असे लिहिणाऱ्याने खरे तर एकच प्रयोग दोनदा केलेला असतो.

मग येतो मायक्रोआरएनएला अडकवून ठेवण्याचा सिद्धान्त, ज्याला स्पंज म्हणतात. कल्पना २०११ च्या सुमारास रुजली आणि पसरली. तिच्यावरचा आक्षेप साध्या गणिताचा आहे. पेशीत मायक्रोआरएनएच्या हजारो प्रती असू शकतात आणि त्यांना बसायला इतर आरएनएंवर कितीतरी जागा मोकळ्या असतात. अनेक लिंक-आरएनएंच्या मात्र एका पेशीत दहा प्रतीही नसतात. २०१४ मध्ये यकृताच्या पेशींमध्ये बारकाईने मोजदाद झाली, तेव्हा दिसले की मायक्रोआरएनएच्या कामावर परिणाम व्हायला बांधून घेणाऱ्या जागांमध्ये प्रचंड वाढ व्हावी लागते, आणि तशी वाढ निसर्गात सहसा होत नाही. तरीही स्पंजचा दावा करणाऱ्या निबंधांमध्ये प्रति पेशी किती प्रती होत्या, हा आकडा बहुतेक वेळा दिलेलाच नसतो. तो मोजणे महागडे नाही. मग छापण्याआधी निबंध तपासणारे समीक्षक तो मागत का नाहीत?

यामागचे एक कारण फार अस्वस्थ करणारे आहे. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न या कर्करोग संशोधक. त्यांनी स्वतः पूर्वी अभ्यासलेल्या एका जनुकावर काही निबंध एकामागून एक निघालेले त्यांना दिसले. निबंध चमत्कारिक वाटण्याइतके सारखे होते. त्यांनी त्यांतल्या न्यूक्लिओटाइडांच्या ओळी तपासल्या: एकोणीस-वीस अक्षरांची ओळ उचलायची, जीनोमच्या सार्वजनिक संग्रहात शोधायची आणि ती सांगितलेल्या जनुकाशी जुळते का पाहायचे. जुळत नव्हत्या. 'कशालाच कापत नाही' म्हणून दिलेली ओळ खऱ्या जनुकाला कापणारी निघाली. पुढे फ्रान्समधले संगणकतज्ज्ञ सिरिल लाबे यांच्यासोबत त्यांनी ही तपासणी संगणकाकडून करून घ्यायला सुरुवात केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या कामात अकरा हजारांहून अधिक निबंध चाळून चुकीच्या ओळी असलेले ७१२ निबंध निघाले. त्यांतले सगळे बनावट आहेत असे नाही. काही प्रामाणिक चुका असतील. पण पैसे घेऊन निबंध तयार करून देणारे कारखाने आहेत, हे आता प्रकाशकही मान्य करतात. २०२३ मध्ये हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेने आठ हजारांवर निबंध मागे घेतले. आणि आरएनए, मायक्रोआरएनए, कर्करोग हे त्रिकूट या कारखान्यांना सोयीचे आहे: नावे हजारो, साचा तयार, आणि तेच काम पुन्हा करून पाहणारे कोणी नाही.

याचा दोष फक्त फसवणाऱ्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला बढतीसाठी ठरावीक संख्येने निबंध दाखवावे लागतात, तेव्हा आपणच या बाजाराला गिऱ्हाईक पुरवतो. नियम बदलता येतात. २०२० मध्ये चीनच्या विज्ञान आणि शिक्षण मंत्रालयांनी निबंध छापून आल्याबद्दल रोख बक्षिसे देण्याची प्रथा थांबवण्याचे आदेश काढले. जिथे जिथे निबंधांची संख्या पगाराशी किंवा पदाशी जोडलेली आहे, तिथे तिथे ती गाठ सोडवायला हवी.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. सुरुवातीचे संशोधन कच्चेच असते, कसोट्या कडक केल्या तर छोट्या, गरीब प्रयोगशाळा बाहेर फेकल्या जातील, असे त्याचे म्हणणे. मी तो गांभीर्याने घेते, कारण छोट्या प्रयोगशाळांतून मोठे काम होते. पण मागणी कशाची आहे ते पाहा. ओळी जुळतात का, हे तपासायला पैसे लागत नाहीत. पेशींची ओळख पटवणारी चाचणी स्वस्त आहे. आरएनए दोन वेगळ्या पद्धतींनी दाबून पाहणे आणि मग तो परत देऊन परिणाम मागे फिरतो का बघणे, याला काही महिने जास्त लागतील, एवढेच. छोट्या प्रयोगशाळेचे खरे नुकसान होते ते दुसऱ्याच्या खोट्या निबंधावर विसंबून दोन वर्षांचे अनुदान घालवल्यावर.

नेटक्या प्रयोगाचे एक उदाहरण याच आजारातून देता येते. हॉक्सबी-एएस-३ या आरएनएपासून प्रथिन बनत नाही, असे मानले जात होते. २०१७ मध्ये एका गटाने दाखवले की त्याच्यापासून ५३ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन बनते आणि ते मोठ्या आतड्याच्या गाठीची वाढ रोखते. त्यांनी आरएनए जवळजवळ तसाच ठेवून फक्त प्रथिनाची सुरुवात मोडली, आणि परिणाम नाहीसा झाला. काम आरएनएचे की प्रथिनाचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळेल असा प्रयोग रचला.

दुसरा आक्षेप निदानाबद्दलचा. आरएनए कारण नसेल, नुसती खूण असेल, तरी रक्तात किंवा विष्ठेत ती खूण शोधून लवकर निदान करता येईल ना? येईल. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीसीए-३ या लिंक-आरएनएची मूत्रातली चाचणी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, ती त्याच्या कामाचा पुरता उलगडा होण्याची वाट न पाहता. पण मोठ्या आतड्यासाठी स्पर्धा वेगळी आहे. विष्ठेतले अदृश्य रक्त शोधणारी साधी, स्वस्त चाचणी आहे. कोलोनोस्कोपीत तर पॉलिप (पुढे कर्करोगात बदलू शकणारा आतड्याच्या अस्तरावरचा फुगवटा) दिसतो आणि तिथल्या तिथे काढताही येतो. नव्या चाचणीला यांच्यापेक्षा सरस ठरावे लागेल, आणि तेही लक्षणे नसलेल्या सामान्य लोकांत. बहुतेक निबंध मात्र निदान झालेल्या रुग्णांची तुलना निरोगी स्वयंसेवकांशी करतात. त्यांतले अनेक रुग्ण पुढच्या टप्प्यातले असतात; अशा तुलनेत जवळपास कोणतीही खूण चमकते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार आतड्यापुरता असताना सापडलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. चाचणीची परीक्षा पहिल्या गटात आणि त्याच्याही आधी, पॉलिपच्या अवस्थेत व्हायला हवी. तिथे ती झाली नसेल, तर तिला लवकर निदानाची चाचणी म्हणू नये.

अनुदान देणाऱ्या संस्थांकडे माझी मागणी स्पष्ट आहे. नवनव्या आरएनएंची यादी वाढवण्यावरचा खर्च काही काळ कमी करा आणि ज्यांच्याविषयी आनुवंशिक पुरावा आधीच आहे, अशा मोजक्या आरएनएंचा निकाल लावा. २०१७ मध्ये क्रिस्पर या जीनोममधल्या नेमक्या जागेवर काम करणाऱ्या तंत्राने १६,४०१ लिंक-आरएनए जागा सात प्रकारच्या पेशींत एकेक करून दाबल्या गेल्या. पेशींच्या वाढीला गरजेच्या ४९९ निघाल्या आणि त्यांतल्या ८९ टक्के फक्त एकाच प्रकारच्या पेशीत. त्या सात प्रकारांत मोठ्या आतड्याची पेशी नव्हती. म्हणजे इतर अवयवांतून उसने घेतलेले निष्कर्ष इथे चालतील, असे गृहीत धरता येत नाही. आतड्याच्या पेशींतच काम करावे लागेल.

सीसीएटी-२ पासून सुरुवात करता येईल. रुग्णांच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत वाढवलेले आतड्याचे छोटे नमुने आता उपलब्ध आहेत. 'जी' आणि 'टी' दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे नमुने घ्यावेत. एका संचात डीएनएचे बटण शाबूत ठेवून फक्त आरएनए मध्येच तोडावा. दुसऱ्यात बटण मोडून आरएनए बाहेरून पुरवावा. तीन-चार प्रयोगशाळांनी पद्धत आधी जाहीर करून हे काम स्वतंत्रपणे करावे, आणि नियतकालिकाने ते निकाल येण्यापूर्वीच स्वीकारावे, म्हणजे 'आरएनएचा संबंध नाही' असे उत्तर आले तरी ते छापले जाईल. ज्या रुग्णांचे नमुने वापरले, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना तो निकाल सोप्या भाषेत कळवण्याची तरतूद त्याच अनुदानात असावी.